न केलेल्या कामाचा वेग

मे २०२५ मध्ये फायरफॉक्सचा कोड मर्क्युरियल सोडून गिटवर गेला. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या बिटबकेटने मर्क्युरियलला २०२० मध्येच निरोप दिला होता, पण हा घाव जास्त लागला. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या मर्क्युरियल आणि गिट या दोन्ही प्रणाली एप्रिल २००५ च्या. लिनक्सवाल्यांना मिळणारी बिटकीपर या तशाच प्रणालीची फुकट सोय बंद झाली, तेव्हाच्या. सुरुवातीची वर्षं तुलनेच्या वादात गेली, ती सोडून देऊ. आठवावं असं त्यानंतरचं दशक आहे. ‘मर्क्युरियल पायथनमध्ये म्हणून हळू, गिट सीमध्ये म्हणून जलद’ हे वाक्य त्याच काळात घट्ट रुजलं, आणि ते अपुरं ठरवणारं कामही तेव्हाच झालं.

मर्क्युरियलमध्ये प्रत्येक कमिटमागे, म्हणजे नोंदवलेल्या बदलामागे, मॅनिफेस्ट नावाची यादी असते. दर ओळीत एका फाइलचा मार्ग आणि ४० अक्षरी हॅश, सगळं नावाच्या क्रमाने. पूर्वी मॅनिफेस्ट वाचायला घेतला की थोड्याच फाइली हव्या असल्या तरी अख्खी यादी फोडून पायथनची डिक्शनरी भरली जायची. लाख फाइली असल्या तर लाख नोंदी. गंमत म्हणजे ही यादी फोडणारा कोड तेव्हाही सीमध्येच होता! तरी रखडायचं, कारण नको असलेलं काम वेगाने केलं तरी ते करावंच लागतं. २०१५ च्या ३.४ आवृत्तीतला ‘लेझी मॅनिफेस्ट’ मजकूर तसाच ठेवतो, ओळी कुठे सुरू होतात तेवढं टिपतो आणि मागितलेली ओळ निम्मं-निम्मं करत शोधून तेवढीच उलगडतो. नांदगावच्या तलाठ्याकडे एका गटाचा सातबारा मागितला, तर तो गावभरचे उतारे काढत बसत नाही.

कुणी म्हणेल, मग सगळं पहिल्यापासून सीमध्येच का लिहिलं नाही? कारण पायथनमुळे मर्क्युरियलला बाहेरून जोड देणं सोपं होतं. फेसबुकने २०१४ मध्ये त्याच आधारावर रिमोटफाइललॉग आणलं: फाइलींचा इतिहास लागेल तेव्हाच मागवायचा. आणि सीचा अभिमान सांगणाऱ्या गिटमध्ये रिबेस ही आज्ञा डिसेंबर २०१८ च्या २.२० आवृत्तीपर्यंत शेल स्क्रिप्टच होती. तिच्या संथपणाबद्दल कुणी गिटला हळू ठरवलं नाही. लोक गिटहबवर होते म्हणून गिटवर गेले. ते कारण पुरेसं आहे, पण त्याला वेगाचं नाव देऊ नये. मर्क्युरियल सुधारत होतं, तोवर बघणारे निघून गेले होते.