धंद्यासाठी इंटरनेट : काय घ्यावे, कसे जोडावे

धंद्याकरिता इंटरनेट घ्यावयाचे म्हणजे नेमके काय घ्यावयाचे, हा प्रश्न बहुतेक दुकानदार व कारखानदार विचारीतच नाहीत. ते दर विचारतात. विकणारा आकडा सांगतो, शंभर, दोनशे, तीनशे. आणि आकडा मोठा तेवढा माल चांगला असे समजून सौदा होतो. तूरडाळ घेताना आपण मूठभर हातात घेऊन पाहतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो. येथे माल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पारखच सोडून देतो. कामगार चळवळीतल्या माणसांनी या विषयावर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की आज पगार, प्रॉव्हिडंट फंड, ई.एस.आय. हे सारे याच तारेवरून जाते. फंडाचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा लागतो, आणि १५ तारीख तार जोडली जाण्याची वाट पाहत नाही.

आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत, टेलिफोनच्या तारेवरून. १९९८ साली खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. ‘ब्रॉडबँड’ हा शब्द आपण रोज ऐकतो. २००४ च्या सरकारी धोरणाप्रमाणे सेकंदाला २५६ किलोबिटची जोडणी म्हणजे ब्रॉडबँड होते; २०२३ च्या जानेवारीत ही किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. म्हणजे पाटीवर नुसते ‘ब्रॉडबँड’ लिहिले असेल, तर त्यात दोन मेगाबिटपलीकडे कसलेही वचन नाही.

आता आकड्याकडे वळू. जाहिरातीतला शंभर हा मेगाबिटचा असतो, आणि संगणकावरची फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. तेव्हा शंभरच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट येतील. पाचशे मेगाबाइटची फाइल उतरवून घेण्यास चाळीस सेकंद लागतील. परंतु तीच फाइल गिऱ्हाइकाला पाठवावयाची असेल तर? तेथे दुसरा आकडा लागतो, जो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. पाठविण्याचा वेग दहा मेगाबिटच असेल, तर त्याच फाइलीला चारशे सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास. छापखाना, आर्किटेक्ट, एक्स-रे पाठविणारा दवाखाना यांचा धंदा पाठविण्यावर चालतो. आठ कॅमेरे लावून त्यांचे चित्र बाहेरच्या सर्व्हरवर साठविणारा दुकानदारही यातच आला. कॅमेऱ्यामागे दोन मेगाबिट धरले तरी सोळा मेगाबिटचा ओघ रात्रंदिवस बाहेर वाहणार. म्हणून पहिला प्रश्न हाच असावा, की येण्याचा वेग किती आणि जाण्याचा किती.

दुसरा प्रश्न, ही जोडणी आमची एकट्याची की सामाईक? चाळीतला नळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. दुपारी नळ सोडला तर बादली दोन मिनिटांत भरते, आणि सकाळी सहाला तीच धार करंगळीएवढी होते. फायबरची साधी जोडणी अशीच आहे. सर्वत्र आढळणाऱ्या पद्धतीत कंपनीकडून काचेचा एक धागा निघतो, त्यात सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट येतात, आणि वाटेत ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. चौसष्ट जणांनी एकदम तोटी उघडली तर प्रत्येकी चाळीस मेगाबिटही येत नाहीत. सगळे एकदम उघडत नाहीत या हिशेबावरच हा व्यवहार उभा आहे, आणि एरवी तो चालतोही; यात फसवणूक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला ठरलेला वेग ठरल्या वेळी हवाच आहे, त्याच्यासाठी ‘लीज्ड लाइन’ असते. तिच्यात येण्याजाण्याचा वेग सारखा आणि लेखी हमीचा असतो. दर मात्र साध्या जोडणीच्या कित्येक पट. आमच्या मते लहान दुकान, पतसंस्था, वीस-पंचवीस माणसांचे वर्कशॉप यांना तिची गरज सहसा नसते. त्याच कंपनीची लाइन असलेल्या शेजाऱ्याकडे सकाळी अकराला व संध्याकाळी सातला, वायफायवर नव्हे तर वायर लावून, वेग मोजून पाहा. विक्रेत्याशी तासभर बोलण्यापेक्षा त्यात अधिक कळते.

सहा टेबलांच्या पतसंस्थेला वेग फारसा लागतच नाही. बँकेची पाने, जीएसटीची विवरणे, यूपीआयच्या नोंदी हे सर्व हलके काम आहे. तिला सोसत नाही ते थांबणे. जुन्या गिरणीत एका इंजिनावर लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून पट्ट्यांनी सबंध खाते चाले. इंजिन बसले की शेकडो माग उभे राहात. एकाच तारेवर सारा धंदा टांगणे म्हणजे तोच शाफ्ट पुन्हा उभा करणे होय. दुसरी वाट हवी, आणि ती खरोखरच दुसरी हवी. आमच्या माहितीतल्या एका कारखान्याने दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या. दोन बिले, दोन पेट्या. महिन्याच्या सहा तारखेला गटाराच्या कामासाठी जेसीबी आला, आणि एकाच चरातून नेलेल्या दोन्ही तारा एका घावात तुटल्या. कायद्याप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळावयास हवा. मालक दोन दिवस दोन्ही कंपन्यांशी फोनवर भांडत राहिले. नववीला हिशेबनिसाने स्वतःच्या मोबाइलवरून इंटरनेट जोडून पगाराची यादी बँकेकडे दहा मिनिटांत पाठविली. तो डेटाही त्याच्याच पैशाचा. तोवर घरभाडे व मुलांच्या फिया तटून बसल्या होत्या, त्यांचा जाब आमच्या युनियनच्या कचेरीत विचारला गेला.

म्हणून दुसरी तार घेताना ती कोणत्या रस्त्याने, कोणत्या खांबांवरून येते हे विचारून घ्यावे. नाहीतर सरळ मोबाइलचे सिम चालणारा राउटर घ्यावा. मुख्य लाइन गेली की आपोआप सिमकडे वळणारे राउटर बाजारात मिळतात. सिम वेगळ्या कंपनीचे असावे, आणि त्या जागी तिचे नेटवर्क चांगले येते की नाही हे आधी फोनवर पाहावे.

विजेचाही विचार त्याच वेळी करावा. भिंतीवर लावतात त्या पेटीला ओएनटी म्हणतात. काचेतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर ती करते. ती पेटी आणि राउटर दोन्ही वीज खातात, पण फार थोडी. लहानशा यूपीएसवर ती तासन्‌तास चालतात. राउटरला यूपीएस आणि ओएनटी उघड्यावर, असे अर्धवट काम आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. वर सांगितलेल्या पद्धतीत वाटेतल्या वाटणीच्या डबीला वीज लागत नाही. परंतु ज्या भागात स्थानिक केबलवाल्याचे स्विच कोणाच्या तरी गच्चीवर बसविलेले असते, तेथे त्या गच्चीची वीज गेली की तुमचा यूपीएस शोभेचा. हेही विचारून घ्यावे.

करारात ‘९९ टक्के सेवा’ असे वाचून समाधान होते. हिशेब करून पाहा. महिन्याचे तास ७२०. त्यातला एक टक्का म्हणजे सात तास बारा मिनिटे. ९९.५ टक्के म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटे, आणि ९९.९ टक्के म्हणजे सुमारे त्रेचाळीस मिनिटे. लाइन एवढा वेळ बंद राहिली तरी करार मोडला असे होत नाही. भरपाईचे कलम असले तर बहुधा त्या वेळेपुरते भाडे माफ, इतकेच; बुडालेल्या धंद्याचे नाही. किती डेटानंतर वेग उतरतो, किती महिने बांधून घेतले आहे, आणि दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, हेही त्याच कागदावर पाहावे.

‘स्टॅटिक आयपी’ घ्या असा आग्रह होतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीतले पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ साली वाटून संपला. म्हणून कंपन्या पुष्कळ ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, एका घरक्रमांकात चाळीस बिऱ्हाडे असावीत तसे. बाहेरून कोणी तुमच्या कचेरीतल्या सर्व्हरवर येणार असेल, तरच स्वतंत्र कायमचा पत्ता लागतो. नुसते बिले करणाऱ्याने त्याचे पैसे भरू नयेत.

जोडणी करताना टेबलावरचे संगणक वायरनेच जोडावेत. साधी तांब्याची नेटवर्क वायर शंभर मीटरपर्यंत नीट चालते. वायफाय फोनसाठी ठेवावे. पाच गिगाहर्ट्‌झचे वायफाय वेगवान, पण भिंत ओलांडताना दमते, २.४ चे दूर जाते, पण शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडते. गिऱ्हाइकांना द्यावयाचे वायफाय हिशेबाच्या संगणकांपासून वेगळे असावे. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि तो बसवून देणाऱ्याच्या वहीत नव्हे, आपल्या तिजोरीत असावा. धंद्याचा ईमेल कंपनीने फुकट दिलेला घेऊ नये, कारण मग कंपनी सोडताना पत्ताही सुटतो. काचेची तार काटकोनात वाकवू नये, खिळ्याखाली दाबू नये. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो.

ही तार जोडावयास येणारा माणूस बहुधा कंपनीचा नसतो, कंत्राटदाराचा असतो. चार तासांत दुरुस्तीचे लेखी वचन शेवटी त्याच्या शिडीवर उभे असते, आणि पुष्कळदा कमरेला पट्टा नसतो. पावसात, विजेच्या खांबावर, ‘आत्ताच चढ’ असा हट्ट त्याच्याशी करू नये. तक्रार कंपनीकडे नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. तशीच गोष्ट कचेरीतल्या माणसांची. लाइन बंद म्हणून नगावर काम करणाऱ्या डेटा एन्ट्रीच्या मुलींचे ते तास मोकळे धरणे, ही प्रथा आम्हांला ठाऊक आहे. माग बंद पडला तर तो तासही कामगाराच्या नावावर मांडावा, हे भांडण गिरणीत पूर्वीच होऊन गेले आहे.

सगळे जुळले की एखाद्या कामाच्या दिवशी, भर दुपारी, मुख्य लाइनची वायर स्वतःच्या हाताने उपसून पाहावी. बिल निघते का, बँकेचे पान उघडते का, कार्डाचे यंत्र चालते का? नंतर यूपीएसचा प्लग काढून तेच पाहावे. हे दर तीन महिन्यांनी करावे, कारण रिचार्ज न केलेले सिम राउटरमध्ये तसेच पडून असते. आणि कंपनी बदलाल तेव्हा ओएनटी परत केल्याची पावती घ्यावी. पेटी बहुधा कंपनीच्या मालकीची असते, आणि अनामत रक्कम त्या पावतीवरच परत मिळते.