देशी वनस्पतींची नोंद म्हणजे वृक्षगणना नव्हे
पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी स्वयंसेवक वही घेऊन फिरताना दिसले, की झाडे मोजली जात आहेत असे वाटणे साहजिक आहे. पण देशी वनस्पतींचे (माणसाने न आणता त्या प्रदेशात पूर्वापार वाढणाऱ्या) सर्वेक्षण शाळेतल्या हजेरीसारखे असते. मुले किती, यापेक्षा कोण आले आणि कोण आले नाही, हे पाहायचे. टेकडीवरचा गिरिपुष्प हिरवागार दिसतो, पण तो मध्य अमेरिकेतून आणून लावलेला. सालई, मेडशिंगी मात्र इथल्याच. गवते, वेली, कंदवर्गीय वनस्पतीही नोंदवायच्या असतात. त्यांतल्या कित्येक पावसाळ्यातच जमिनीवर दिसतात, म्हणून एकच वाट जून ते सप्टेंबर पुन्हा पुन्हा चालावी लागते. उन्हाळ्यात ओसाड भासणाऱ्या माळाखाली त्यांचे कंद जिवंत असतात. तिथेच रोपांसाठी खड्डे खणले जातात, तेव्हा जीव कासावीस होतो.