खाऱ्या टँकचा जुना दगड उकळू नका

समुद्री मत्स्यपेटीचा छंद सोडताना माणूस मासे कुणाला तरी देतो, टँक विकतो आणि शेवटी बादल्या भरून दगड उरतात. ते स्वस्तात मिळतात आणि घ्यावेतही. पण ते साफ कसे करायचे याबद्दल जे सल्ले तोंडोतोंडी फिरतात, त्यांतले काही नुसते चुकीचे नाहीत, तर जिवावर बेतणारे आहेत.

हा दगड म्हणजे बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळांचा सांगाडा, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. तो आतून सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत राहणारे जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. म्हणून तर दगडाला एवढी किंमत. पण त्याच छिद्रांत मेलेले कृमी, शैवाल, न खाल्लेले खाद्य आणि फॉस्फेटही साठते. बाहेरून घासून दगड गोरा करणे सोपे आहे, खरे काम आतले आहे.

सगळ्यात घातक सल्ला हा : “मोठ्या पातेल्यात उकळा, सगळे मरते.” जुन्या दगडावर अनेकदा झोअँथिड प्राण्यांची वसाहत असते. रंगीत बटणे चिकटवल्यासारखे ते दिसतात. त्यांच्यापैकी पॅलिथोआ गटातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असते. हवाईतील मावी बेटावर सापडणाऱ्या पॅलिथोआपासून मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले आणि 1971 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपालाच चिकटते आणि त्याचे सताड उघडे भोक करून टाकते. उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर उडणाऱ्या बारीक तुषारांतून ते श्वासात जाते. मग खोकला, धाप, ताप, अंगदुखी, तोंडात धातूसारखी चव. डोळ्यांत गेले तर बुबुळाला इजा होते. यावर नेमका उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. अलास्कात 2012 ते 2014 या काळात मत्स्यपेटीच्या दुकानांत आणि घरांत अशा विषबाधा झाल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केली आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरच्या स्टीव्हंटन गावात मार्च 2018 मध्ये टँक साफ करताना असेच विष पसरले. घरातली माणसे तर रुग्णालयात गेलीच, पण मदतीला धावलेल्या पोलीस आणि अग्निशमन दलाच्या लोकांनाही न्यावे लागले. तिथे दगड उकळला नव्हता, नुसती प्रवाळाची साफसफाई चालली होती. म्हणून स्वयंपाकघरात हे काम करूच नये, आणि सुक्या दगडावर ब्रश मारून धूळ उडवू नये. हातमोजे, चष्मा आणि मास्क लागतातच. दगड ओव्हनमध्ये भाजायची युक्तीही तशीच वाईट. छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड तडकतो, कधी फुटून तुकडे उडतात.

“गच्चीवर महिनाभर वाळवला की झाले.” यात अर्धे तथ्य आहे. वाळवल्याने एप्टेशियासारखे चिवट उपद्रवी जीव, काटेरी कृमी, शैवाल मरतात. पण मेलेले तिथेच राहते आणि दगड पुन्हा पाण्यात गेला की कुजून अमोनिया सोडते. कोकणात नि मुंबईत पावसाळ्यात तर तो धड वाळतही नाही.

ब्लीचला लोक विनाकारण भितात. “ते दगडात मुरते आणि पुढे मासे मारते” हा समज खोटा आहे. सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय घाण जाळते आणि स्वतः मोडून शेवटी मुख्यतः साधे मीठ उरते. पॅलिटॉक्सिनही त्याने निष्प्रभ होते, म्हणून आधी ब्लीच आणि मग ब्रश हा क्रम पाळावा. सुगंध किंवा साबण नसलेले कपड्यांचे साधे द्रव ब्लीच घ्या. ताजे द्रावण करा, एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी. हवेशीर जागी दगड त्यात पूर्ण बुडवा, छोटा पंप लावून पाणी फिरते ठेवा. द्रावणाचा जोर लवकर ओसरतो, म्हणून काही दिवसांनी ते बदला. नंतर भरपूर धुवा, सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात ठेवा आणि वाळवा. क्लोरिनची चाचणी शून्य आली की भीती संपली.

ॲसिडचे काम वेगळे आहे. टाइल्स साफ करायचे ॲसिड दगडच विरघळवते. वरचा थर जातो आणि त्याला चिकटलेले फॉस्फेटही जाते. उपयोग आहे, पण थोडा वेळच, उघड्यावर, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतून, उलटे कधीही नाही. संडास साफ करायचे रंगीत द्रव मुळीच नको, त्यात साबण आणि रंग असतात. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो, तेव्हा दोन्हींच्या मध्ये दगड नीट धुतलेला असलाच पाहिजे.

दगड शुभ्र झाला म्हणजे टँकमध्ये घालायला तयार झाला, असे नाही. कॅल्शियम कार्बोनेटला बांधलेले फॉस्फेट ब्लीचने जात नाही. ते हळूहळू पाण्यात उतरते आणि काही आठवड्यांनी टँक शैवालाने हिरवा होतो. म्हणून दगड खाऱ्या पाण्याच्या झाकलेल्या पिंपात, पंप लावून अंधारात ठेवा. फॉस्फेट मोजत राहा आणि वाढले की पाणी बदला. शिवाय हा दगड आता निर्जीव आहे. जीवाणू पुन्हा वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. खात्रीच्या टँकमधला एखादा जिवंत तुकडा सोबत ठेवला तर काम लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकल्याशिवाय मासा सोडू नका.

विकत घ्यावा लागू नये म्हणून कुणी मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणतात. 11 जुलै 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तो गुन्हा ठरतो. जांभा किंवा काळा कातळ या कायद्याने अडत नसला तरी त्यात ते कार्बोनेट नाही, आणि जांभ्यात लोह भरपूर.

जुना दगड घेताना विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : या टँकमध्ये कधी तांब्याचे औषध घातले होते का? माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर ते वापरतात. दगड तांबे शोषतो आणि पुढे हळूहळू सोडतो. गोगलगाई, झिंगे आणि प्रवाळ ते अगदी थोडेही सोसत नाहीत, आणि ब्लीचने ते निघत नाही. उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर प्रवाळांच्या टँकसाठी तो दगड घेऊ नका, मग भाव कितीही कमी असो.