फळमाशीचा डोळा आणि पेशींची काटकसर

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी चिलटे आपण हात हलवून हाकलून देतो. परंतु त्यांतीलच तांबड्या डोळ्यांच्या फळमाशीला शास्त्रज्ञांनी गुरू केले आहे. तिने शिकविलेला एक धडा येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या गोडादऱ्यात साड्यांच्या कामातून उरलेल्या चिंध्याही वाया जात नाहीत. त्या विकल्या जातात व पुन्हा उपयोगात येतात. शरीरातील पेशीही अशीच काटकसरी असते. निकामी प्रथिने व जीर्ण भाग यांभोवती ती पातळ पडद्याची पिशवी तयार करते. ही पिशवी पाचक द्रव्यांनी भरलेल्या लयकारिकेस जाऊन मिळते, आणि विघटनातून सुटे झालेले घटक पेशी पुन्हा कामी लावते. या क्रियेस 'स्वभक्षण' म्हणतात. हे नाव १९६३ साली क्रिस्तियां द द्यूव्ह यांनी दिले. तिचे रहस्य यीस्टच्या पेशींत उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांस २०१६ चे नोबेल पारितोषिक लाभले.

ही साफसफाई मंदावली तर मेंदूच्या पेशींत केर साठतो. हंटिंग्टन या आनुवंशिक रोगात सदोष प्रथिनाच्या गुठळ्या होतात, पेशी मरतात आणि रोग्याचा हातापायांवरील ताबा सुटतो. जिवंत माणसाच्या मेंदूतील पेशी काढून हे वरचेवर तपासणार कसे? येथे माशीचा डोळा साहाय्यास येतो. त्यात सुमारे ७५० षट्कोनी नेत्रिका रेखीवपणे मांडलेल्या असतात व प्रत्येकीत ८ प्रकाशग्राही पेशी असतात. पेशी बिघडल्या की ही मांडणी विस्कटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते तत्काळ ध्यानी येते. शिवाय डोळा निकामी झाला तरी प्रयोगशाळेत माशी जगते.

हंटिंग्टन रोगातील सदोष प्रथिन माशीच्या डोळ्यात उत्पन्न केले असता तेथील पेशी झिजतात. रॅपामायसीन या औषधाने स्वभक्षणास चालना दिली तेव्हा ही झीज कमी झाली, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. एवढ्याने माणसाचा रोग बरा होत नाही. परंतु उपाय कोठे शोधावा, याची दिशा मिळाली.

१९४६ साली 'महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी'ने पुण्यात स्थापिलेल्या, आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतही फळमाशीच्या साहाय्याने स्वभक्षणाचा अभ्यास झाला आहे.

आता केळ्यावर चिलट बसले तर हाकलण्यापूर्वी भिंगातून त्याचे डोळे अवश्य पाहा.