मनगटावरचं घड्याळ ठोके चुकीचे दाखवतं तेव्हा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांच्यातल्या एखादीच्या हातात आता नाडी मोजणारं घड्याळ असतं. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा आईलाही तसंच घड्याळ पाठवतो. मग गटाच्या बैठकीत बचत गोळा करून झाली की कुणीतरी मनगट पुढे करतं, “ताई, बसल्या जागी १४० दाखवतंय. माझ्या हृदयाला काही झालं का हो?”

बहुतेक वेळा हृदयाला काही झालेलं नसतं, पट्टा सैल असतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. म्हणून घड्याळाला हात लावण्याआधी आपली नाडी आपल्याला मोजता आली पाहिजे.

पाच मिनिटं शांत बसा. तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकेच टेका. अंगठा वापरू नका, त्यात त्याचीच नाडी लागते. ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. रोज धावणाऱ्या मुलीचे त्याहून कमीही असू शकतात. आता घड्याळाकडे बघा. चार-पाच ठोक्यांचा फरक सोडून द्या. चाळीसचा असेल तर घड्याळाचं बिनसलंय. पण हातानं मोजूनही १४० आले, किंवा ताल सारखा चुकतोय असं वाटलं, तर घड्याळ दुरुस्त करत बसू नका, दवाखान्यात जा.

घड्याळ उलटं करून पाहा, हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात थोडं जास्त रक्त येतं, तेव्हा परत फिरणारा उजेड कमी होतो. या कमी-जास्तीवरून घड्याळ ठोके मोजतं. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हिशेब चुकतो. म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला बांधा. हलणार नाही इतकं घट्ट, पण वळ उठेल इतकं नको. बांगड्या त्याला ढकलत राहतात, म्हणून ते बांगड्यांच्या वर बांधा किंवा ज्या हातात कमी बांगड्या आहेत त्या हातात घाला. बांगड्या काढायलाच हव्यात असं काही नाही.

गोंदणाचं कुणी दुकानदार सांगत नाही. आपल्याकडे मोठ्या बायकांच्या हातावर गोंदलेलं असतं. ती शाई दिव्याचा उजेड अडवते, मग आकडा उड्या मारतो नाहीतर येतच नाही. यात ना घड्याळाचा दोष ना हाताचा. न गोंदलेल्या जागी बांधलं की काम होतं. घाम, तेल, कणीक लागली असेल तर ओल्या मऊ फडक्यानं पुसून कोरडं करा. थंडीत हात गार पडले की त्वचेखालचं रक्त कमी होतं, तेव्हा आधी दहा मिनिटं चालून अंग गरम करा.

धावणाऱ्या मुलींची अडचण वेगळी. भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचं असतं आणि त्या घड्याळ बघून वेग ठरवतात. पण पळताना हाताला बसणारे झटकेच घड्याळ कधी कधी ठोके म्हणून मोजतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर तेही १७० च दाखवतं. शंका आली तर थांबून लगेच १५ सेकंद नाडी मोजा आणि चारनं गुणा. छातीला बांधायचा पट्टा जास्त बरोबर मोजतो, कारण तो हृदयाचे विजेचे बारीक संदेश टिपतो. मात्र तो कोरडा बांधला तर चालत नाही. आतली बाजू पाण्यानं ओली करा. धावून झालं की त्यावरची डबी सोडवून ठेवा, नाहीतर ओलीनं ती चालूच राहते आणि सेल उतरतो.

चार्ज होत नसेल तर मागच्या पिनांवर घामाचा थर बसलेला असतो. जुन्या मऊ ब्रशनं साफ करा. घड्याळ अडकून पडलं तर बाजूचं बटण बराच वेळ दाबून बंद-चालू करा. फोनला जोडलं जात नसेल तर ब्लूटूथ आणि लोकेशन चालू आहे का ते बघा, फोनची बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा.

आता असं एक, जे दुरुस्त होणारच नाही. बाजारात काही घड्याळं सुई न टोचता साखर दाखवतो म्हणतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०२४ च्या फेब्रुवारीत बजावलं की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर कुणी गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जिवावर बेतेल. साखर रक्त तपासूनच बघा.

आणि छातीत दाबल्यासारखं होत असेल, जबडा, पाठ किंवा हात दुखत असेल, दम लागून गार घाम सुटला असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. घड्याळ तेव्हा ७२ दाखवत असलं तरी.