बदलते न्यू यॉर्क, कृष्णधवल

• छायाचित्रकार : बेरेनिस ॲबट (१८९८–१९९१). पॅरिसमध्ये मॅन रे यांच्या स्टुडिओत कामाचे धडे.
• प्रकल्प : ‘चेंजिंग न्यू यॉर्क’, १९३५ ते १९३९, खर्च सरकारी फेडरल आर्ट प्रोजेक्टचा.
• कॅमेरा : तिपाईवरचा व्ह्यू कॅमेरा, निगेटिव्ह ८ बाय १० इंचांची. कॅमेरा न कलंडवता लेन्स वर सरकवता येई; त्यामुळे उंच इमारतींच्या उभ्या रेषा सरळच राहत.
• विषय : जुनी दुकाने, पूल, उन्नत रेल्वे, गगनचुंबी इमारती.
• गाजलेले छायाचित्र : प्रकल्पाआधीचे ‘नाइट व्ह्यू’ (१९३२). अंधार पडलेला, पण कचेऱ्यांतले दिवे अजून चालू, अशी डिसेंबरातली वेळ. एक्स्पोजर १५ मिनिटांचे.
• पुस्तक : १९३९, ९७ छायाचित्रे.
• संग्रह : म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यू यॉर्क.