फाइलीत रस्ता आहे, मशीनमध्ये नाही

८ मार्च २०२३. भारतात सकाळचे साडेअकरा वाजले होते, न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा एक. डेटाडॉग या अमेरिकी कंपनीची मशीनं नेटवर्कवरून एकामागून एक गळायला लागली. इतरांचे सर्व्हर नीट चाललेत की नाही यावर पाळत ठेवणं, हाच या कंपनीचा धंदा. तासाभरात तिची निम्म्याहून अधिक मशीनं संपर्काबाहेर गेली. ती बंद मात्र पडलेली नव्हती. वीज होती, प्रोसेसर चालू होते, डिस्कवरची माहिती जागच्या जागी होती. त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच उरली नव्हती.

ही मशीनं तीन निरनिराळ्या क्लाउड कंपन्यांकडे, काही अमेरिकेत तर काही युरोपात, मुद्दाम विखरून ठेवलेली होती. एका ठिकाणचं संकट दुसरीकडे पोचू नये, हाच त्यामागचा हेतू. मग सगळीकडे एकाच तासात तोच बिघाड कसा? अशा वेळी हल्ल्याची शंका कुणालाही येईल. पण हल्ला झाला नव्हता आणि कुणा कर्मचाऱ्यानं चुकीचं बटणही दाबलं नव्हतं. मशीनांवरच्या उबुंटू लिनक्सनं एक सुरक्षा-अपडेट आपलं आपण बसवून घेतलं होतं, इतकंच.

उबुंटूमध्ये स्वयंचलित अपडेटची ठरलेली वेळ सकाळी सहाची. सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून प्रत्येक मशीन पुढच्या तासाभरातलं कुठलं तरी मिनिट निवडतं. पण हे सहा मशीनच्या घड्याळातले, आणि क्लाउडमधल्या मशीनांची घड्याळं बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात. त्यामुळे तीन कंपन्या आणि दोन खंड मध्ये असूनही सगळ्यांचे सहा एकाच क्षणी वाजले. (पुण्यातल्या एखाद्या ऑफिसनं आपले उबुंटू सर्व्हर यूटीसीवर ठेवले असतील, तर पहाटेची निवांत वेळ समजून नेमलेलं हे अपडेट त्यांच्याकडे साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान, ऐन कामाच्या घाईत उतरतं. ही वेळ बदलता येते.)

अपडेट होतं सिस्टिमडी या पॅकेजचं. लिनक्सचं कर्नेल सुरू झालं की बाकीच्या सगळ्या सेवांना उठवणारा, कुणी आधी आणि कुणी नंतर हे ठरवणारा हा प्रोग्रॅम. त्याच्याच परिवारातली नेटवर्कडी नावाची सेवा नेटवर्कची मांडणी पाहते. नवं पॅकेज बसल्यावर ही सेवा क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. सुरू होताना तिनं कर्नेलच्या मेमरीतले राउटिंगचे नियम तपासले, आपण न घातलेले नियम परके ठरवले आणि पुसून टाकले. ते परके नियम सिलियम या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं घातले होते. त्या मशीनांवर चालणाऱ्या कंटेनरांची ये-जा त्यांच्यावरच अवलंबून होती.

इथे युनिक्स घराण्यातल्या कुठल्याही मशीनबद्दलची एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मशीनमध्ये नोंदी दोन ठिकाणी असतात. एक डिस्कवरच्या फाइलींत: फ्रीबीएसडीवर आरसी-कॉन्फ, उबुंटूवर नेटप्लॅनच्या फाइली. दुसरी नोंद चालू कर्नेलच्या मेमरीत: कुठल्या कार्डाला कुठला पत्ता, कुठल्या पॅकेटला कुठली वाट. सातबारा आणि बांधावरची वहिवाट यांच्यात जे नातं असतं, तेच या दोघींत. कागदावर एकाचं नाव आणि शेत कसतो दुसराच, अशी स्थिती वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू शकते, आणि तंटा उभा राहतो तो कुणी मोजणी मागवली की. अपडेट आणि रीबूट म्हणजे ही मोजणी. सिलियमचे नियम वहिवाटीत होते, पण नेटवर्कडीच्या सातबाऱ्यावर त्यांची नोंद नव्हती.

हे आधीच्या चाचण्यांत का सापडलं नाही? उत्तर क्रमात आहे. मशीन नव्यानं सुरू होतं तेव्हा नेटवर्कडी आधी उठते आणि सिलियम मागाहून. झाडू फिरतो तेव्हा अंगणात अजून कुणी आलेलंच नसतं, त्यामुळे काहीच पुसलं जात नाही. नवं मशीन उभं करून बघा, ठीक. रीबूट करून बघा, तरी ठीक. दगा होतो तो कित्येक दिवस चालू असलेल्या मशीनवर नेटवर्कडी मध्येच पुन्हा सुरू झाली तरच. परक्यांचे नियम पुसण्याची ही रीत उबुंटू २०.०४ मधल्या सिस्टिमडीत नव्हती, २२.०४ मध्ये होती. कंपनीनं आपली मशीनं आधीच्या काही महिन्यांत नव्या आवृत्तीवर आणली होती आणि तोवर सगळं सुरळीत चाललं होतं.

त्याआधी, ३० ऑगस्ट २०२२ रोजी, मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमधल्या उबुंटू १८.०४ च्या मशीनांवर जवळपास हेच घडलं होतं. पॅकेज तेच, सिस्टिमडी. अपडेटही सुरक्षेचं आणि वेळही तीच सकाळची. पण त्या खेपेला वाट शाबूत राहिली आणि गेला तो डीएनएस सर्व्हरचा पत्ता. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारा हा सर्व्हर कुठे आहे, हे मशीनला डीएचसीपीमार्फत, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप, कळलेलं होतं आणि अपडेटच्या गडबडीत ते विसरलं गेलं. आकडी पत्ता दिला की पॅकेट पोचायचं, नाव दिलं की मशीन हात वर करायचं. रीबूट केल्यावर पत्ता पुन्हा मिळायचा आणि सगळं पूर्ववत व्हायचं.

रीबूटनं बिघाड जातो हे खरं. पण माझ्या मते कारणं शोधण्याच्या कामात रीबूटइतकं नुकसान दुसरं काही करत नाही. मेमरीतली नोंद हाच तर पुरावा, आणि आपण तोच पुसून टाकतो. मग मशीन सुरू होतं, सगळे खूश होतात आणि पुढच्या अपडेटला तेच पुन्हा घडतं.

या दोन नोंदींतलं अंतर फक्त नेटवर्कपुरतं नाही. युनिक्समध्ये फाइलीचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव पुसलं तरी एखाद्या चालू प्रोग्रॅमनं ती फाइल उघडून धरली असेल, तर तिचा मजकूर डिस्कवर तसाच राहतो. धरणारा सुटला की मगच जागा मोकळी होते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना भेटणारं एक जुनं कोडं यातूनच येतं. डीएफ कमांड सांगते की डिस्क भरली आणि डीयू कमांड सांगते की अर्धी रिकामी आहे. दोघीही खरं बोलत असतात. कुणीतरी अवाढव्य लॉग फाइल पुसलेली असते आणि ती लिहिणारा प्रोग्रॅम अजून तीच धरून बसलेला असतो. डीयू एकेक नाव पाहत जाऊन बेरीज करते, डीएफ थेट फाइल-सिस्टिमला विचारते.

हाच गुण अपडेटमध्ये उपयोगी पडतो आणि घातही करतो. चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची लायब्ररी बदलता येते, त्यासाठी काही थांबवावं लागत नाही. पण जुना प्रोग्रॅम जुनी लायब्ररीच वापरत राहतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं ‘हार्टब्लीड’ हे भोक उघडकीस आलं. त्याचा फायदा घेऊन सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर दूरवरून वाचता येत होता. दुरुस्त पॅकेज लगेच आलं. ते बसवूनही ज्यांनी वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, त्यांच्या मशीनवर पॅकेजची यादी नवी आवृत्ती दाखवत होती आणि भोक होतं तिथेच होतं. लिनक्समध्ये एलएसओएफ ही कमांड अशा पुसलेल्या पण धरलेल्या फाइली दाखवते. अपडेटनंतर ती एकदा चालवून पाहायला काही मिनिटं लागतात.

नव्यानं बसवलेल्या सिस्टिमचे त्रास त्या मानानं साधे. तिथे वहिवाट अजून तयारच झालेली नसते. बहुतेक वेळा वायफाय कार्डाला फर्मवेअर लागतं, ते इंटरनेटवर असतं, आणि इंटरनेटसाठी वायफाय लागतं. डेबियननं जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. इतरत्र मोबाइल यूएसबी केबलनं जोडून त्याचं इंटरनेट वापरणं हा उपाय बहुतेकदा चालतो.

नावांचा घोळ मात्र जास्त बेरकी. लिनक्समध्ये पूर्वी नेटवर्क कार्डाचं नाव ‘ईथ०’, ‘ईथ१’ असं, जे कार्ड कर्नेलला आधी सापडेल त्या क्रमानं पडायचं. दोन कार्डं असली की कधी हे आधी, कधी ते. २०१३ पासून सिस्टिमडीनं मदरबोर्डवरच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली, तेव्हापासून ‘ईएनपी३एस०’ अशी नावं दिसतात. मग जुन्या मशीनवर नवी आवृत्ती चढवली की फाइल ‘ईथ०’ ला पत्ता देऊ पाहते आणि कर्नेलमध्ये त्या नावाचं कुणी नसतं. मशीन नीट सुरू होतं, नेटवर्क तेवढं नसतं. सर्व्हर दूरच्या शहरात असला तर कुणाला तरी तिथे कीबोर्डपाशी बसवावं लागतं. जागेवरून पडलेलं नावही कायमचं नाही, कारण आत नवं कार्ड बसवलं तर जागांचे आकडे सरकू शकतात. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीमध्ये नाव ड्रायव्हरवरून येतं: इंटेलच्या अनेक कार्डांना ‘ईएम०’, रिअलटेकच्या कार्डांना ‘आरई०’. कंपनी बदलली की नाव बदलतं, पण निदान का बदललं ते तरी चटकन कळतं.

मग शोध घ्यायचा कसा? फाइली वाचत बसण्याआधी वहिवाट तपासणं बरं. त्यासाठीचं एक जुनं अवजार मेरीलँडमधल्या अ‍ॅबर्डीन इथल्या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत घडलं. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांना तिथलं नेटवर्क विचित्र वागताना दिसलं आणि त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: समोरच्या मशीनला एक पॅकेट पाठवायचं, प्रतिध्वनी मागायचा आणि यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं पिंग. पुढे बर्कलीच्या युनिक्समध्ये तो सामील झाला. पिंगची थोरवी अशी की तो कुठल्याही कॉन्फिगरेशन फाइलीवर विश्वास ठेवत नाही. पॅकेट गेलं आणि परत आलं, की वाट आहे.

म्यूस यांनी सांगितलेला एक किस्सा आहे, त्यांच्या कानावर आलेला, दुसऱ्याच एका नेटवर्क सांभाळणाऱ्याचा. इमारतीतली एक केबल अधूनमधून तुटायची, पण सैल कनेक्टर कुठला ते कळेना. त्यानं पिंगचं उत्तर आलं की ‘पिंग’ असा शब्द बोलणारं यंत्र जोडलं, त्याचा आवाज स्टिरिओवर मोठा केला आणि इमारतभर फिरत एकेक कनेक्टर हलवून पाहिला. जिथे आवाज थांबला, तिथे दोष.

आजही क्रम तोच लागतो. आधी घरच्या किंवा ऑफिसच्या राउटरला आकडी पत्त्यावर पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्यावर, मग नावानं. तिसऱ्या पायरीला अडलं तर अझूरवाला बिघाड, डीएनएसचा. पहिल्याच पायरीला अडलं तर वाट किंवा कार्ड. त्यानंतर ‘आयपी अ‍ॅड्रेस’, ‘आयपी राउट’ आणि ‘आयपी रूल’ या तीन कमांडींचं उत्तर एका फाइलीत उतरवून ठेवायचं. तिसरी कमांड बरेच जण विसरतात, आणि नेटवर्कडीनं पुसले होते ते नियम नेमके तीच दाखवते. हे उतरवून झालं की खुशाल रीबूट करावं. पुन्हा त्याच कमांडी चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली, तर काय हरवलं होतं ते डोळ्यांना दिसतं.

ओपनबीएसडीनं या दुखण्यावर जरा कडक पथ्य नेमलं आहे. नवी आवृत्ती सहा महिन्यांनी येते आणि एका आवृत्तीवरून थेट पुढच्याच आवृत्तीवर जायचं, मधली ओलांडायची नाही. २०१९ पासूनची सिसअपग्रेड ही कमांड फाइली उतरवून घेते, मशीन रीबूट करून एका छोट्या इन्स्टॉलर कर्नेलमध्ये जाते, तिथे सगळं बदलते आणि पुन्हा रीबूट करते. जुन्या प्रोग्रॅमच्या पायाखाली नवी लायब्ररी, असा प्रकार त्यात उद्भवतच नाही. मला ही रीत आवडते. तिची किंमत उघड आहे: मशीन काही मिनिटं बंद राहतं, तेव्हा ज्याला ते परवडत नाही त्यानं दुसरं मशीन तयार ठेवावं. फ्रीबीएसडीत झेडएफएस या फाइल-सिस्टिमच्या मदतीनं अपग्रेडआधीच्या सिस्टिमची प्रत बाजूला ठेवता येते आणि बिघडलं तर सुरू होतानाच्या मेनूतून ती निवडता येते. पण ती प्रत डिस्कची. मेमरीत काय होतं, ते तिलाही ठाऊक नसतं.

डेटाडॉगची सेवा पूर्ववत व्हायला दुसरा दिवस उजाडला. कंपनीनं नंतर प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अहवालात दोन बदल सांगितले आहेत. स्वयंचलित अपडेट बंद केलं, आणि परक्यांच्या नियमांना हात लावू नये असं नेटवर्कडीला फाइलीत लिहून दिलं. हे सेटिंग नेटवर्कडीमध्ये २०२१ पासूनच होतं. ते कुणी बदललं नाही तर मात्र सेवा सुरू होताना परके नियम पुसतच राहते.